चिकू, कोसबाड आणि कच्चं लिंबू

"वाढदिवसाला कोणाकोणाला बोलवायचं, चिकू?"

"आजी. आणि लिफ्टवाले काका."

"आणि फ्रेंड्स?"

थोडा विचार. मग ठाम उत्तर, "लिफ्टवाले काका."

हसू नका. मीही आधी हसले होते. फोन करून दोन मैत्रिणींना सांगितलंसुद्धा, 'ऐक ना, आमच्या चिरंजीवांची गेस्ट लिस्ट!' रात्री तो झोपल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं. पोरगा चार वर्षांचा होत होता. दीड वर्ष प्ले-स्कूलला जात होता. आणि त्याला बोलवावंसं वाटणारा एकही मुलगा किंवा मुलगी नव्हती?

चिकू हे अर्थातच घरातलं नाव. जन्मला तेव्हा डोक्यावर बारीक तपकिरी लव होती, म्हणून त्याच्या आजोबांनी ठेवलेलं. शाळेतलं नाव भारदस्त आहे, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारतं की नाही, हाच तर प्रश्न होता.

पुढच्याच आठवड्यात पेरेंट्स मीटिंग झाली. मिस फारच गोड होत्या. "त्रास काहीच नाही हं त्याचा. फक्त तो कोणाशी खेळत नाही. बघत बसतो." असं म्हणत त्यांनी एक गुळगुळीत पत्रक हातात दिलं. 'सोशल स्किल्स वीकएंड बॅच, वय ३ ते ५.' फीचा आकडा बघून नवरोबांनी पत्रकाची घडी घातली. पार्किंगमध्ये आमचं जे व्हायचं ते झालंच.

"तुझ्यावर गेलाय. तू पार्टीत कोपऱ्यात उभी असतेस."

"आणि तू? समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, सांग बघू!"

दोघांनाही सांगता आलं नाही. दोन वर्षं झाली होती त्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन.

चिकूच्या गावाला

बोर्डीला जायचं ठरलं ते काही या प्रॉब्लेमवर उतारा म्हणून नाही. रजा उरल्या होत्या, जानेवारीतली छान हवा होती, आणि मुंबईकराला लोणावळा-अलिबागचा कंटाळा आला की हाताशी काय उरतं, तर उत्तरेकडचा हा किनारा. २०१३ पासून चर्चगेटहून थेट डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. त्यामुळे गाडी काढायची, टोल भरायचा, घोडबंदरला अडकायचं, काही नको. बोरिवलीला खिडकी मिळाली की निम्मी ट्रिप वसूल.

विरार सुटलं की मुंबई खऱ्या अर्थाने संपते. वैतरणा खाडीवरचे पूल, मग सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. डब्यातली गर्दी विरळ होत जाते आणि बाहेरचं हिरवं दाट. चिकू खिडकीला नाक लावून होता. इतक्यात मागून एका विक्रेतीची खणखणीत हाक आली, "चिकू घ्या, चिकूऽऽ!"

तो दचकून वळला. "आई, मला कोण बोलावतंय?"

सगळा डबा हसला. एका बाईने त्याच्या हातात एक पिकलेला चिकू ठेवला आणि म्हणाली, "हे तुझंच गाव रे बाबा." खोटं नव्हतं ते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्याच वाड्या. डहाणूला उतरून रिक्षा केली. नरपड, चिखले, घोलवड करत पंधरा-सतरा किलोमीटरचा तो रस्ता म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाड्या, मध्येच एखादा जुना पारशी-इराणी बंगला. १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. तो नसता, तर या वाड्यांच्या जागी काय उभं राहिलं असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

"जा ना, हाय म्हण!"

बोर्डीचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र कुठे गेला म्हणून शोधावं लागतं. मागे सुरूची झाडं, पुढे घट्ट ओली वाळू. पोरांसाठी याहून मोठं खेळणं देवाने बनवलेलं नाही.

संध्याकाळी तिथे पाच-सहा पोरं बांध घालत होती. वाळूचा, चांगला लांबलचक. सगळ्यात मोठी मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल, फ्रॉक गुडघ्याच्या वर खोचलेला, आवाज मुकादमासारखा. अर्धं मराठी, अर्धं गुजराती. छोटी पोरं नारळाच्या करवंट्यांतून वाळू आणत होती.

चिकू उभा राहिला. दहा-बारा पावलांवर. हातात आम्ही आणलेला ब्रँडेड बीच-सेट, सात पीसेसचा. नुसता बघत होता.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग माझ्यातली आई जागी झाली. "जा ना! हाय म्हण. तुझं नाव सांग. विचार, मी खेळू का?" तो माझ्या मागे लपला. मी त्याला पुढे ढकललं. हो, ढकललंच. वर त्या मुलीला म्हटलं, "याला पण घ्या ना खेळायला!" तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "आता जागा नाय."

तीन किलोमीटरचा रिकामा किनारा, आणि जागा नाही!

चिकू रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे वळला आणि आपला बीच-सेट एक-एक पीस करून जाळीच्या पिशवीत भरायला लागला.

ओटीवरच्या आजी

आम्ही उतरलो होतो ते एका वाडीतलं घर. घरच्या सूनबाई पाहुण्यांचं बघतात, आणि ओटीवर झोपाळ्यात असतात त्यांच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, आणि डोळे असे की तुम्ही आत्ता काय खाऊन आलात ते त्यांना कळावं. त्या आयुष्यभर बालवाडीच्या शिक्षिका होत्या. ट्रेनिंग इथल्याच, कोसबाडच्या टेकडीवरचं.

जेवणानंतर मी त्यांच्याशी बोलत बसले आणि कसं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. गेस्ट लिस्ट, मिस, पत्रक, बांध, सगळं.

"अगं, तू नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी गेलीस," आजी म्हणाल्या, "आणि तुझ्या आईने तुला पाठीत धक्का देऊन सगळ्यांसमोर नेलं, म्हणाली, 'हिला घ्या हो तुमच्यात.' कसं वाटेल?"

मी गप्प.

"तो नुसता उभा नव्हता. शिकत होता. कोण मुख्य आहे, काय चाललंय, आपण कुठे बसू शकतो. तू मध्येच त्याची तंद्री मोडलीस."

रात्री मोबाइलवर शोधलं, तर आजींचं म्हणणं पुस्तकातही सापडलं. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन संशोधिकेने बालवाडीच्या वयाची मुलं कशी खेळतात याचं निरीक्षण करून १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले होते. एकट्याने खेळणं, नुसतं बघणं, दुसऱ्याच्या शेजारी बसून पण आपलं आपलं खेळणं, मग देवाणघेवाण करत खेळणं, आणि शेवटी ठरवून, मिळून खेळणं. म्हणजे 'बघत बसणं' हा आजार नाही, तोही खेळाचाच एक प्रकार आहे! नंतरच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही शिडी काही एकदा चढली की संपली अशी नसते, मुलं वर-खाली करत असतात. आपणही करतोच की. लग्नाच्या हॉलमध्ये पहिली दहा मिनिटं आपण काय करतो?

"उद्या टेकडीवर जाऊन या," झोपायला जाताना आजी म्हणाल्या. "आणि खाली पाड्यावरच्या अंगणवाडीत जा. सेविका माझ्या ओळखीची आहे, मी फोन करते. पोराला ने. आणि तिथे तू बोलू नकोस."

टेकडी

कोसबाड घोलवडपासून जवळच. टेकडी म्हणजे काही माथेरान नव्हे. व्ह्यू पॉइंट, मक्याची कणसं, घोडे यातलं काही शोधायला जाल तर निराश व्हाल. झाडी, शांतता आणि एक जुनी संस्था. पण तुमचं मूल जर कधी 'अंगणवाडी', 'बालवाडी' किंवा 'शिशुविहार' अशी पाटी असलेल्या दारातून आत गेलं असेल, तर त्या दाराचा एक धागा या टेकडीशी जुळलेला आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. गुजरातमध्ये भावनगरला त्या गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करत होत्या. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं आणि लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी माँ' म्हणायला लागले, मिशावाली आई! १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार उभं केलं. शहरातली मुलं, शहरातले पालक, चांगलं चाललेलं काम. आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ज्या वयात आपण रिटायरमेंट प्लॅनचा हिशोब करू, त्या वयात! सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली, शिकून शिक्षिका झालेली पस्तिशीची बाई. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. तोपर्यंत त्यांनी हा परिसर सोडला नाही.

सुरुवातीला आदिवासी मुलं बालवाडीत येतच नसत. का? तर कोणाच्या कडेवर धाकटं भावंडं, कोणाच्या मागे शेळ्या. शाळेत यायला पोरं मोकळी नव्हती. तेव्हा या बायकांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरवली, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

माँटेसरीची महागडी लाकडी साधनं इथे परवडणारी नव्हती. मग शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या. जे आजूबाजूला आहे तेच साधन. मी माझ्या पिशवीतल्या सात पीसच्या सेटकडे पाहिलं आणि तो गुपचूप खाली सारला.

एक टायर, दोन पोरं

पाड्यावरची अंगणवाडी म्हणजे एक खोली आणि पुढे सारवलेलं अंगण. भिंतीवर पांढऱ्या रंगात तारपा नाच, एकमेकांचे हात धरून गोल गोल फिरणारी माणसं. वारली चित्रकला ही याच भागाची. तिला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

आत सतरा पोरं. ताई साधारण चाळिशीच्या. आम्हाला बघून त्यांनी हसून मान हलवली आणि आपलं काम चालू ठेवलं. चिकूचा गालगुच्चा नाही, 'नाव काय तुझं?' नाही, 'सगळ्यांनी हॅलो म्हणा' तर नाहीच. त्याला दारात उभं राहू दिलं. आजींची आज्ञा आठवून मीही तोंड मिटून भिंतीला टेकले. वीस मिनिटं! माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब मीटिंग.

त्या वीस मिनिटांत मी काय काय पाहिलं सांगते.

अंगणात एकच जुना सायकलचा टायर होता. दोन पोरांना तोच हवा होता. ओढाओढी झाली, एकाने दुसऱ्याला ढकललं. आमच्या सोसायटीत असं झालं तर दहा सेकंदांत दोन आया आणि एक आजी धावून येतात. 'शेअर कर!' 'सॉरी म्हण!' 'गुड बॉय ना तू?' इथे ताई उठल्या, सावकाश चालत गेल्या, दोघांच्या उंचीला उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "टायर एक आहे. पोरं दोन आहेत. आता काय करायचं?"

आणि थांबल्या. खरंच थांबल्या. उत्तर त्यांनी दिलं नाही. थोडं मुसमुसणं झालं, थोडं पुटपुटणं. पोरं आपापसात वारलीत काय बोलली ते मला कळलं नाही, पण दोन मिनिटांनी एक टायर पळवत होता आणि दुसरा आंब्याच्या झाडापाशी आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. तिथून पुढे त्याची पाळी.

नंतर मी विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "दे त्याला, असं म्हटलं की पोराला वाटतं, आपलं गेलं. पाळी म्हटलं की कळतं, परत येणार आहे." मी अनेक पेरेंटिंगच्या पुस्तकांवर पैसे खर्च केलेत. एवढं एक वाक्य त्यात मिळालं असतं तर!

माँटेसरीचाही हाच आग्रह होता म्हणे. वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवायचं. म्हणजे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबता थांबता दुसरा काय करतोय ते दिसायला लागतं. माझ्या घरात काय आहे? बेचाळीस गाड्या (मोजल्यात), आणि त्या मागायला कोणीच नाही. चिकूला वाट बघावी लागते ती फक्त लिफ्टची. त्याचा मित्र लिफ्टवाले काका का झाले, ते मला त्या भिंतीला टेकून उभी असताना लख्ख कळलं.

अंगण झाडायला दोघांना मिळून एक झाडू आणि एक सूप. पाणी प्यायला एक भांडं, म्हणून रांग. पडलेल्या मुलीला सॉरी म्हणायला नाही लावलं. ढकलणाऱ्याला विचारलं, "तिला काय झालं बघ. आता काय आणशील?" तो पाण्याचा तांब्या घेऊन आला. अर्धं सांडलं, पण आणलं.

आणि मग ताई आमच्या पोराकडे वळल्या. हातात एक टोपली, चिंचोक्यांनी भरलेली. "प्रत्येकाला पाच दे," एवढंच.

चिकूने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

तो गेला. पहिल्या मुलीसमोर उभा राहिला. तिने हात पुढे केला. एक, दोन, तीन, चार, पाच. पुढचा हात. पुढचा. मध्येच एकाने सहावा मागितला, तर चिकू म्हणाला, "नाही. फाइव्ह." सतरा हात पुढे आले, आणि तो सतराही जणांच्या तोंडाकडे बघून आला. दीड वर्षात प्ले-स्कूलमध्ये झालं नव्हतं ते एका टोपलीने केलं. मग तो आपले पाच चिंचोके घेऊन एका चिमुरडीच्या शेजारी बसला. ती गोल मांडत होती. यानेही गोल मांडला. बोलणं नाही, बघणं तिरपं. शेजारी-शेजारी.

"काय जादू केलीत?" निघताना मी ताईंना विचारलं.

"काही नाही हो. काम दिलं. काम असलं की बोलावं लागतं."

भरती

संध्याकाळी पुन्हा किनारा, पुन्हा तीच गँग, पुन्हा बांध. या वेळी बीच-सेट घरी ठेवला होता, फक्त एक करवंटी बरोबर. आम्ही दोघं लांब सुरूखाली बसलो. नवरोबांनी मला हाताला धरून ठेवलं होतं, खरंच.

चिकू जवळ गेला, पण फार जवळ नाही. स्वतःचा एक चर खणायला बसला. पोरांनी लक्ष दिलं नाही. अर्धा तास असाच. मग भरती सुरू झाली आणि त्यांचा बांध एका टोकाला फुटला. आरडाओरडा, धावपळ. आणि आमचा पोरगा उठला, करवंटीभर ओली वाळू घेतली आणि त्या भगदाडावर नेऊन ओतली. 'मी खेळू का' नाही, 'माझं नाव अमुक' नाही. थेट काम.

मुकादमीणबाईंनी मान वर केली. "ए, इकडे टाक, इकडे!"

एक छोटा ओरडला, "हा कोण?"

"कच्चं लिंबू आहे. राहू दे."

कच्चं लिंबू! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आपण सगळेच कधी ना कधी कच्चं लिंबू होतो. राज्य येत नाही, आउट होत नाही, पण खेळात असतो. व्हिव्हियन पेली नावाच्या शिकागोच्या शिक्षिकेने १९९२ मध्ये एक पुस्तक लिहिलं, तिच्या वर्गातल्या एका नव्या नियमाबद्दल. 'तुला खेळायला घेणार नाही, असं कोणी कोणाला म्हणायचं नाही.' हा नियम मोठ्यांनी केलेला होता, आणि मुलांनी त्यावर खूप वाद घातला होता. आपल्याकडे तसाच एक नियम मुलांनीच कधीतरी करून ठेवलाय, आणि तो एका आंबट फळाच्या नावाने गल्लोगल्ली चालतो. फक्त त्यासाठी गल्ली लागते.

अंधार पडेपर्यंत चिकू वाळू ओतत होता. परत येताना नखशिखांत चिखल. म्हणाला, "आई, आमचा बांध तुटला!"

आमचा.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण रविवारी सकाळी सहालाच तो उठून बसला, करवंटी हातात. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. तासभर बसला. "ती येणारे ना?" मला माहीत नव्हतं. ती नाही आली. दहाच्या रिक्षात बसताना तो मोठ्याने रडला, अगदी भोकाड पसरून, आणि मी त्याला 'रडू नको' म्हटलं नाही. लिफ्टवाल्या काकांसाठी तो असा कधी रडला नव्हता.

"मैत्रीला तेच पोर, तीच जागा आणि तीच वेळ पुन्हा पुन्हा लागते," आजी निरोप देताना म्हणाल्या. "तुम्ही शहरात रोज नवीन काहीतरी दाखवता त्यांना."

सोमवारी स्केटिंग, बुधवारी अ‍ॅबॅकस, शुक्रवारी ड्रॉइंग. तीन क्लास, तीन बॅचेस. तिन्हीकडे वेगळी पोरं. आजींना आमचं टाइमटेबल कोणी सांगितलं होतं?

परत बोरिवली

त्या सोशल स्किल्सच्या बॅचला आम्ही घातलं नाही. स्केटिंगही बंद केलं. त्याऐवजी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. हातात घोलवडचे चिकू होते, निमित्त म्हणून. दार उघडलं ते एका थकलेल्या, नाइट शिफ्ट करणाऱ्या बाईने. मागे एक मुलगी, साडेतीन वर्षांची. दोन वर्षं आमच्यामध्ये फक्त एक पॅसेज होता!

आता दर मंगळवार-गुरुवार, साडेपाच ते साडेसहा. एका वेळी एकच मूल, एकच तास. भांडण व्हायच्या आत संपवायचं. तो ज्या दोन गाड्या कोणालाही देऊ शकत नाही, त्या आधीच कपाटावर. आणि समोर खेळण्यांचा ढीग नाही, काम. मटार सोलणं, कणकेचे गोळे, झाडांना पाणी, दोघांत एक झारी. पहिले दोन आठवडे ती दोघं पाठीला पाठ लावून बसायची. तिसऱ्या आठवड्यात कट्टी झाली. मी आणि शेजारीण, आम्ही दोघींनी तो दिवस साजरा केला. कट्टी व्हायला आधी काहीतरी असावं लागतं ना?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मूल गप्प आहे, सावकाश मिसळतं, हा स्वभाव असू शकतो, त्याला औषध नको. पण हाक मारल्यावर बघत नसेल, वयाप्रमाणे बोलत नसेल, आधी येणारं काही येईनासं झालं असेल, तर 'होईल आपोआप' म्हणत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आम्हीही विचारून घेतलं. विचारण्यात काही कमीपणा नाही.

वाढदिवसाला तीन पाहुणे आले. समोरची ती, तळमजल्यावरचा एक तिच्या ओळखीचा, आणि युनिफॉर्मवर नवा शर्ट घालून लिफ्टवाले काका. केक कापून झाल्यावर तिघं पोरं लिफ्टमध्ये घुसली आणि काकांनी त्यांना वर-खाली, वर-खाली तीन फेऱ्या मारून आणलं. कोणी कुठलं बटण दाबायचं यावरून भांडण झालं.

मी उकिडवी बसले. "बटण एक आहे. पोरं तीन आहेत. आता काय करायचं?"

आणि थांबले.

कसं जाल?

पश्चिम रेल्वेने डहाणू रोडपर्यंत थेट लोकल, पण फेऱ्या मोजक्याच, म्हणून वेळापत्रक आधी बघा. पुढे बोर्डीपर्यंत रिक्षा मिळते. घोलवड स्टेशन जवळ पडतं, पण तिथे लोकल जात नाही, मोजक्या गाड्या थांबतात. हिवाळा उत्तम. राहायला वाड्यांमधली घरगुती सोय आहे, वीकएंडला आधी फोन करून जा. बोर्डीजवळच बहरोटची लेणी आहेत. पारशी परंपरेनुसार त्यांचा पवित्र अग्नी संकटकाळात इथे लपवून ठेवला होता. चढ आहे, लहान मुलांना घेऊन जाताना विचार करा. कोसबाडला सहलीचं ठिकाण म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून जा. अंगणवाडीत जायचं तर ओळखीने, परवानगी घेऊन, आणि मुलांचे फोटो न काढता. येताना चिकू आणायला विसरू नका. समोरच्या फ्लॅटसाठी.